आडनावाचं क्रियापद

माणूस मोठा झाला की त्याचं नाव मोठं होतं, असं म्हणतात. तात्यांचं आडनाव मोठं झालं, आणि तेही मागच्या बाजूनं. इंग्रजीनं त्याला एक शेपूट लावलं, त्याचं विशेषण केलं आणि शेपटीसकट शब्दकोशात नेऊन बसवलं. ज्या आडनावाचं स्पेलिंग गॅसवाल्याला आजवर एकदाही धड लिहिता आलं नव्हतं, ते आता परदेशातली पोरं परीक्षेत लिहिणार होती.

मुलानं ही बातमी चहाच्या वेळी फोनवर वाचून दाखवली. सुनेनं टाळ्या वाजवल्या. कॉलेजात इंग्रजी शिकणारी नात मात्र बशीतल्या बिस्किटाकडे बघत राहिली.

"अर्थ काय दिलाय पण?" तात्यांनी विचारलं. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. शब्द दिसला की आधी अर्थ, मग लिंग, मग बाकीचं.

"अर्थ म्हणजे... प्रेमळ," मुलगा म्हणाला.

"जिव्हाळ्याचं," सून त्याच वेळी म्हणाली.

"दोन्ही एकच हो," मुलानं सारवासारव केली. नातीनं आपली बशी उचलली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

तात्यांना इंग्रजी येत होतं ते औषधाच्या बाटलीवरचं वाचण्यापुरतं. त्यांनी मान डोलावली. प्रेमळ. बरोबरच आहे म्हणाले. पुस्तकच तसं होतं.

तशा कादंबऱ्या त्यांनी बऱ्याच लिहिल्या, पण नाव झालं ते एकीचं. एका गल्लीत एक म्हातारा घड्याळजी असतो, मागे ना पुढे कुणी. सगळी गल्ली त्याच्यावर जीव टाकते. शिंपी त्याला फुकट कोट शिवून देतो, समोरची बाई रोज चहा पाठवते, सुतार त्याचं कामाचं टेबल पॉलिश करून देतो म्हणून घेऊन जातो. शेवटी सगळे मिळून त्याला गाडीत बसवून समुद्र दाखवायला नेतात, कारण बिचाऱ्यानं जन्मात समुद्र पाहिलेला नसतो. गाडी सुटते, म्हातारा खिडकीतून हसतो आणि पुस्तक संपतं. शेवटचं पान लिहिताना तात्यांचे डोळे भरून आले होते आणि दौत कलंडून टेबलावर शाईचा हा एवढा डाग पडला होता. वाचणाऱ्यांनीही डोळे पुसले आणि पुस्तक कपाटात ठेवून दिलं. माणसं इतकी चांगली असतात, एवढंच तात्यांना सांगायचं होतं. ते त्यांना मनापासून वाटतही होतं.

मग बऱ्याच वर्षांनी कुठूनशा एक परदेशी बाई उगवल्या. आपली भाषा नुसती पुस्तकांवरून शिकलेल्या, त्यामुळे बोलायला लागल्या की निबंध वाचल्यासारखं वाटायचं. त्यांनी कादंबरी इंग्रजीत नेली, आणि नेताना तात्यांना फोन करून एकच शंका विचारली.

"सहल समाप्त झाल्यावर ते गृहस्थ प्रत्यागमन करतात काय?"

तात्या पोट धरून हसले. "अहो बाई, परत येणारच की. जाणार कुठे? दुकान आहे ना त्याचं."

"परंतु तसे कोठेही लिहिलेले नाही."

"त्यात लिहायचं काय?" तात्या म्हणाले.

बाईंनी आभार मानून फोन ठेवला. तो शब्द मात्र घरातच राहिला. मुलगा ऑफिसला निघाला की तात्या खोलीतून विचारायचे, "प्रत्यागमन कधी?" आणि मुलगा बुटाची नाडी बांधता बांधता सांगायचा, "सातला, तात्या." खरं सांगायचं तर बाईंच्या त्या एका प्रश्नात सगळं आलं होतं. पण हसणाऱ्या माणसाला जरा कमीच ऐकू येतं.

शब्दकोशाची बातमी आली त्याच आठवड्यात घरात आणखी एक गोष्ट घडली होती. तिची बातमी कुठे आली नाही. तात्यांनी दूध गॅसवर ठेवलं आणि खोलीत येऊन लिहायला बसले. दूध उतू गेलं, आटलं, पातेलं लाल झालं, शेजारचं फडकं पेटलं आणि फडक्यावरून पडदा. नातीनं बादली ओतली म्हणून निभावलं. आणि अशी ही पहिली वेळ नव्हती.

तात्या खोलीत मान खाली घालून सुनेची वाट बघत बसले. सून तोंडाची फटकळ, मनाची मोकळी. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तात्यांना ओरडत आली होती. ओला टॉवेल गादीवर टाकला, चष्मा फ्रीजमध्ये विसरला, नळ चालू ठेवला. "तात्या, तुम्ही लेखक असाल ते घराबाहेर. घरात माणसासारखं वागायचं." तात्याही कमी नव्हते, ते तिला हेडमास्तरीण म्हणायचे. बायको गेल्यावर सगळं घर त्यांच्याशी हळू आवाजात बोलायला लागलं होतं, तेव्हा हीच एकटी पहिल्यासारखी ओरडत राहिली. त्या ओरडण्याला धरून ते उठून उभे राहिले होते, हे तात्यांनी तिला कधी सांगितलं नाही, पण तिला ठाऊक असावं.

त्या दिवशी सून आली, काळ्या पडलेल्या भिंतीकडे तिनं बराच वेळ पाहिलं आणि तात्यांकडे वळली.

"तुम्हाला कुठे भाजलं नाही ना?"

"नाही गं. पण पडदा..."

"असू दे हो, तात्या," ती म्हणाली आणि गेली.

तेव्हापासून तिनं ओरडणं सोडलं. तात्यांनी याचा अर्थ सरळ लावला. शब्दकोशात गेलेल्या माणसाला कोण ओरडणार? प्रसिद्धीचा हा एक तोटा, असं ते नातीला हसत म्हणालेही. नात हसली नाही.

तात्यांचं जग म्हणजे ती एक खोली. खिडकीखाली टेबल, टेबलावर तो डाग, भिंतीला लागून पलंग. बायको त्याच पलंगावर गेली, तात्यांचा हात हातात घेऊन. तिला पोचवून आल्यावर तात्यांनी मुलाला बजावलं होतं, "हे बघ, मी या खोलीतून उभा निघणार नाही. निघेन तो आडवाच." मुलगा रडत रडत हो म्हणाला होता. आता तात्यांचं जगाकडे दुसरं काही मागणं उरलं नव्हतं. खोली तेवढी त्यांची राहावी.

शब्दाच्या कौतुकासाठी मुलानं ऑफिसातल्या चार माणसांना घरी बोलावलं. फुलं आली, फुगे लागले, केक आला. मुलाचे साहेब गप्पिष्ट होते. केकचा दुसरा तुकडा सुनेनं त्यांना आग्रहानं वाढला, तसे ते हात वर करून म्हणाले, "नको, नको. या घरात कुणी आग्रह केला की मी आता आधी दार कुठंय ते बघून ठेवणार."

खोली खदाखदा हसली. तात्याही हसले, कारण सगळे हसत होते. मग त्यांच्या लक्षात आलं की मुलगा हसायचा थांबलाय आणि साहेब त्यांच्याकडे बघून एकदम ओशाळले आहेत.

"काय म्हणाले साहेब?" पाहुणे गेल्यावर त्यांनी विचारलं.

"चेष्टा हो, तात्या."

"ते कळलं. पण प्रेमळ माणसाच्या घरात दार कशाला शोधायचं?"

मुलगा फुगे फोडत होता. त्या आवाजात त्याला ऐकू आलं नसेल, असं तात्यांनी मानून घेतलं.

पण तो प्रश्न काही त्यांच्या मनातून जाईना. मुद्रितात चूक राहून गेल्यावर होते तशी चुटपुट लागून राहिली. त्यात एका संध्याकाळी टीव्हीवर इंग्रजी बातम्या चालू होत्या आणि त्यांना आपलं आडनाव ऐकू आलं, शेपटीसकट, अगदी स्वच्छ. त्यांनी मान वर केली. पडद्यावर कुठल्याशा कारखान्याचं फाटक होतं. फाटकाबाहेर टेबलं मांडलेली, फुलांचे गुच्छ, मोठा केक, कोट घातलेली माणसं कामगारांना मिठ्या मारतायत. फाटकाला मात्र साखळी आणि कुलूप होतं, आणि एक टकला कामगार गुच्छ छातीशी धरून ओक्साबोक्शी रडत होता.

"अरे, हा का रडतोय?" तात्यांनी विचारलं.

"आनंदानं असेल," मुलगा म्हणाला आणि त्यानं चॅनेल बदललं.

आनंदाचं रडणं तात्यांनी पाहिलं होतं. ते असं नसतं. त्यांनी पुन्हा विचारायला तोंड उघडलं, पण सून गरम दूध घेऊन आली, वर साय घालून, जशी ती हल्ली रोज आणायची, आणि विचारायचं राहून गेलं.

पुढच्या आठवड्यात सुताराकडची दोन माणसं आली. मुलगा म्हणाला, "तात्या, टेबल पॉलिश करून घेऊ. एवढ्या मोठ्या लेखकाचं टेबल, आणि अवस्था बघा त्याची."

तात्या हरखले. "अरे, हे तर माझ्या पुस्तकातल्यासारखंच झालं की!"

मुलाच्या हातातला टेबलाचा कोपरा सुटला आणि त्याच्याच पायावर आपटला. तो वाकून अंगठा धरून बसला तो बराच वेळ वर बघेना. लागलं असेल बिचाऱ्याला, तात्यांना वाटलं. त्यांनी सुताराच्या माणसांना दोनदोनदा बजावलं, "हा डाग काढू नका बरं का. तो डाग नाही, शेवटचं पान आहे."

टेबल गेलं. खिडकीखाली फरशीचा एक चौकोन राहिला, बाकीच्या फरशीपेक्षा उजळ. तात्या मांडीवर पाट घेऊन लिहायचा प्रयत्न करायचे आणि रोज विचारायचे, "टेबल कधी येणार?"

"येईल हो. पॉलिश वाळायला वेळ लागतो," सून गोड आवाजात म्हणायची. पूर्वीची असती तर म्हणाली असती, "तात्या, मी काय सुतार आहे?"

एका दुपारी नात गॅलरीत फोनवर बोलत होती. तात्या दाराआड आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. पोरीला वाटलं झोपलेत.

"नाही गं, त्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही," ती मैत्रिणीला सांगत होती. "शी, मला तर घरात बसवत नाही. आईबाबा आजोबांना सरळसरळ..." आणि तिथं तिनं घराचं आडनाव घेतलं. शेपूट नाही, काही नाही, पाटीवर आहे तसं. आणि त्याला जोडून म्हणाली, "करतायत."

तात्यांनी डोळे उघडले नाहीत. सवयीनं त्यांनी ते वाक्य पुढ्यात घेतलं, एखादं मुद्रित घ्यावं तसं. कर्ता कोण? मुलगा आणि सून. क्रियापद? आपलं आडनाव. म्हणजे विशेषणाचं आता क्रियापदही झालं तर. आणि कर्म? आजोबांना. कर्म आपण. छापखान्यात पोरांना व्याकरण शिकवताना कर्म या शब्दावर त्यांनी कितीतरी वेळा विनोद केले होते. आज त्याचे दोन्ही अर्थ एकदम लागू पडले आणि विनोद काही सुचला नाही.

मग त्यांनी अर्थ घालून पाहिले. आईबाबा आजोबांना प्रेमळ करतायत. बसेना. जिव्हाळा करतायत. तेही बसेना. जो शब्द त्या जागी नीट बसला असता तो त्यांच्या जिभेवर येत होता आणि ते त्याला मागे ढकलत होते.

तात्यांनी डोळे उघडले. उठून ते न्हाणीघरात गेले, टॉवेल नळाखाली धरून चिंब भिजवला, आणि तसाच ठिबकता नेऊन मुलाच्या आणि सुनेच्या पलंगावर टाकला. अगदी मधोमध, नव्या चादरीवर. मग खुर्चीत जाऊन बसले.

संध्याकाळी सून आली. खोलीत गेली. तात्या कान देऊन ऐकत होते. ओरड गं बाई, ते मनात म्हणत होते, एकदा ओरड, म्हणजे सगळं खोटं आहे हे कळेल मला.

सून बाहेर आली. टॉवेल तिच्या हातात पिळून घडी केलेला होता. चेहऱ्यावर हसू होतं, आणि डोळे त्या हसण्यात सामील नव्हते.

"असू दे हो, तात्या," ती म्हणाली.



तात्यांनी नातीला गाठलं. "खरा अर्थ सांग त्याचा. तुला ठाऊक आहे."

पोरीचे डोळे भरले. "आजोबा, मी बाबांना शब्द दिलाय."

"शब्द माझा, आणि देतेस त्यांना?" तात्या म्हणाले. तिला हसू येईल असं वाटलं होतं. ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि तात्या तिलाच थोपटत बसले.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा सरळ उठून विचारत का नाही? विचारलं की. रात्री जेवताना विचारलं, "काही ठरवलंय का तुम्ही माझ्याबद्दल?"

"छे हो," मुलगा म्हणाला. "ठरवायचंय काय? उलट आम्ही म्हणत होतो, तुम्हाला जरा हवापालट हवी. चार दिवस. समुद्राकाठी एक छान जागा आहे. आम्ही सोडायला येऊ."

"आणि आणायला?"

"तुम्ही आधी जेवा बघू," सून म्हणाली आणि त्यांच्या ताटात वाढलं.

नाही म्हणायचं तर समोर कुणी ओढणारं लागतं. इथं कुणी ओढत नव्हतं. मऊ गादीवर उभं राहून भांडल्यासारखं होतं ते, पायाला काही लागतच नाही. आणि आतली गोष्ट अशी की तात्यांना अजूनही वाटत होतं, आपण चुकत असू. जन्मभर ज्यानं माणसं चांगली असतात असं लिहिलं, त्यानं स्वतःच्या पोटच्या पोराचा संशय घ्यायचा म्हणजे स्वतःचंच पुस्तक फाडायचं.

निघायच्या सकाळी बॅग सुनेनं भरली. तात्यांनी चेन उघडून पाहिलं. वर उन्हाळ्याचे सदरे होते, आणि तळाशी स्वेटर, कानटोपी, लोकरीचे मोजे. बाहेर अंग भाजत होतं.

"चार दिवसांत थंडी पडणार आहे वाटतं," तात्या म्हणाले.

"समुद्राची हवा हो," सून म्हणाली. ती लगेच वळून पाण्याची बाटली आणायला आत गेली.

तात्यांनी खोलीकडे एकदा पाहिलं. पलंग, भिंत, फरशीचा उजळ चौकोन. मग ते चालत, स्वतःच्या पायांनी, दाराबाहेर पडले. उभे.

गाडीत नात त्यांना खेटून बसली. तिनं हट्ट धरला होता, मला यायचंच. वाटेत सगळे छान छान बोलत होते. मुलगा आरशातून विचारत होता, एसी कमी करू का, उशी हवी का. तात्या खिडकीतून बघत होते. एका सिग्नलला शेजारच्या गाडीतलं पोर त्यांना बघून हसलं. त्याच्याकडे बघून आपणही हसलो, हे त्यांना सिग्नल सुटल्यावर कळलं, आणि त्यांनी खिडकीवरून नजर काढली.

जागा खरंच छान होती. बाग, पांढऱ्या भिंती, रुंद व्हरांडे, आणि व्हरांड्यात खुर्च्यांवर म्हातारी माणसं. सगळ्यांच्या खुर्च्या फाटकाकडे तोंड करून होत्या. आत टेबलामागे व्यवस्थापक बाई बसल्या होत्या, चष्मा नाकावर, हातात पेन.

"आडनाव?"

मुलानं घाईघाईनं सांगितलं. बाईंनी पेन थांबवलं.

"म्हणजे तो शब्द आहे ते?" त्यांनी तात्यांकडे पाहिलं. "तुम्हीच का ते? माझी मुलगी कॉलेजात शिकवते हो तुमची कादंबरी."

"तात्या, चला, आधी खोली बघू," मुलगा म्हणाला.

"थांब," तात्या म्हणाले. हा छापखान्यातला आवाज होता, मुलानं तो लहानपणी ऐकलेला. तो थांबला. "बाई, मला इंग्रजी येत नाही. त्या शब्दाचा अर्थ काय हो?"

बाईंनी एकवार मुलाकडे पाहिलं, एकवार सुनेकडे. त्या परक्या होत्या. विचारलं तर उत्तर द्यायचं, एवढंच त्यांना माहीत.

"म्हणजे कसं सांगू? एखाद्याशी गोड गोड बोलत, त्याचे लाड करत करत, त्याला त्याच्याच जागेवरून उठवायचं. त्याला पत्ताही लागू न देता. तुमच्या त्या घड्याळजीला गल्ली उठवते ना, तसं."

 कोट शिवणारा शिंपी, चहा पाठवणारी बाई, टेबल नेणारा सुतार, एकेक जण त्यांच्या डोळ्यांपुढून गेला. सगळे तसेच हसत होते. तात्यांनी लिहिलेलं एक अक्षर बदललेलं नव्हतं.

"मग त्याला नवा शब्द कशाला हवा?" ते सावकाश म्हणाले. "आपल्याकडे आहे की. केसानं गळा कापणं."

"नाही," बाई म्हणाल्या. "मुलीशी माझं यावरच बोलणं झालं होतं. केसानं गळा कापणाऱ्याच्या मनात कपट असतं. यात कपट नसतं. यात सगळ्यांची खरीच माया असते त्या माणसावर. म्हणून तर त्यांना नवा शब्द लागला."

सून भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. मुलगा म्हणाला, "तात्या, घरी दिवसभर कुणी नसतं. परत आग लागली असती तर? तुम्ही एकटे असता तर?" तो खरं बोलत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तेही खरं होतं. तात्यांना हेच जास्त भयंकर वाटलं. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

खोलीचं दार उघडलं. खिडकीतून समुद्र दिसत होता. आणि खिडकीखाली टेबल होतं.

त्यांचंच टेबल. पॉलिश होऊन आरशासारखं झालेलं. जागेवर दौत, जागेवर पेन, आणि चष्मा, जो कधी जागेवर नसायचा, तोही डबीत घालून ठेवलेला. तात्यांनी हात फिरवला. डाग तसाच होता. सुतारानं त्यांचं ऐकलं होतं.

"आवडलं ना?" सुनेनं विचारलं.

"छान आहे," तात्या म्हणाले. व्यवस्थापक बाईंनी दिलेला पाण्याचा पेला त्यांच्या हातातच होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला, नव्या पॉलिशवर, ओला, आणि तिच्याकडे बघत राहिले. तिनं पेला उचलला, खाली हातरुमाल घडी करून ठेवला आणि पेला परत ठेवला.

"रविवारी येतो हं," मुलगा म्हणाला. त्यानं वाकून नमस्कार केला. तो दारापर्यंत गेला तेव्हा तात्यांच्या तोंडून सवयीनं निघालं, "प्रत्यागमन..."

मुलगा उंबऱ्यावर थबकला. पाठमोराच.  मग त्याची पावलं व्हरांड्यातून लांब गेली, आणि मागून सुनेची.

नात राहिली होती. खालून गाडीचा हॉर्न वाजला तरी ती हलेना.

"आजोबा, मी त्यांना सांगते. मी भांडते. मी..."

"ऐक," तात्या खुर्चीत बसत म्हणाले. "त्या आपल्या बाई आहेत ना, प्रत्यागमनवाल्या. त्यांना फोन लाव माझ्या नावानं. म्हणावं, तुमच्या शंकेचं उत्तर द्यायचं राहिलं होतं."

"काय सांगू?"

तात्यांनी समुद्राकडे पाहिलं. मुद्रित तपासून झालं की शेवटी खाली एक ओळ लिहायची त्यांची जन्माची पद्धत होती.

"सांग, तो परत येत नाही. त्यांनी वाचलं तेच बरोबर." अंगठ्यानं ते डाग चोळत होते. "आणि म्हणावं, पुस्तकात चूक नाही. छापायला हरकत नाही."